बाईंच्या रक्ताची नळी

सोमवार, सकाळी दहा. लातूर, कॅन्सरच्या डॉक्टरांची खोली. हजर: बाई, मी, डॉक्टर. बाईंचे यजमान अण्णा बाहेर बाकावर; त्यांना आत घ्यायचं नाही, हे बाईंनी घरूनच ठरवून आणलं होतं.

शिरूर अनंतपाळच्या ज्या शाळेत मी लिपिक आहे, तिथं बाई विज्ञान शिकवायच्या. आकृती काढून दाखवल्याशिवाय त्या कोणाचंही काही मान्य करत नसत. नळ का गळतो, हे त्यांनी प्लंबरलाही फळ्यावर काढायला लावलं होतं. रेघ पट्टीनं, नावं उजव्या बाजूला, नाहीतर अर्धा मार्क कमी. प्लंबरला पाचपैकी साडेतीन मिळाले. नळ मात्र त्यानं नीट केला.

डॉक्टरांपुढेही त्यांनी कागद सरकवला. छातीतली गाठ काढून चार वर्षं झाली होती आणि आता आजार मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी पेशीचा गोल काढला, त्याच्या कडेला बारीक काट्या काढल्या. हे ग्राही, ते म्हणाले. पेशीला वाढायचा निरोप येतो तो हे पकडतात. काही गाठींमध्ये एका जातीचे ग्राही फार असतात आणि त्यांना अडवणारं औषध आहे. बाईंच्या गाठीत ते जास्त नव्हते, म्हणून ते औषध दिलं नव्हतं.

"तो निकाल जुन्या गाठीचा," बाई म्हणाल्या. "दहावीतल्या पोराला पाचवीच्या निकालावरून जोखता का, डॉक्टर?"

डॉक्टर हसले नाहीत. कधीकधी बदल होतो खरा, असं म्हणाले. खात्री करायला मणक्यातला तुकडा काढावा लागला असता, आणि जागा जोखमीची होती. त्याआधी रक्ताची एक तपासणी करता येणार होती. गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तात फिरत असतात. त्या शोधून त्यांच्यावर ते ग्राही आहेत का ते पाहायचं. नुसत्या तेवढ्यावर औषध देणार नाही, पण ग्राही दिसले तर तुकडा काढायची जोखीम घेऊ, असं ठरलं. आकृतीला बाईंनी चार मार्क दिले. नावं डावीकडे होती आणि पेशीला केंद्रक नव्हतं.

रक्त लातूरला घ्यायचं, त्याच दिवशी नांदेडच्या कुरिअरवाल्याकडे द्यायचं, तिथून ते हैदराबादच्या लॅबला जाणार. नांदेडचं काम मी मागून घेतलं. एप्रिल होता. एसटीत रक्ताच्या नळीचा डबा मांडीवर घेऊन बसले. अहमदपूरला तो हाताला गरम लागला. आमच्या शाळेतलं पोलिओचं बूथ दर वेळी मीच सांभाळते. लस बर्फाबाहेर राहिलेली मला खपत नाही. स्टँडसमोरच्या रसवंतीतून अर्धा किलो बर्फ घेतला, त्यात डबा बसवला आणि नांदेडला वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचले.

त्या नळीला थंडी चालत नाही. डब्यावर इंग्रजीत तसं लिहिलेलं होतं. माझ्या कामांच्या यादीत 'डबा घेणे' होतं, 'डबा वाचणे' नव्हतं. लॅबनं नमुना बाद केला.

बाईंच्या घरी जाऊन मी त्यांना सगळं क्रमानं सांगितलं. बर्फ कुठला, त्यांनी विचारलं. रसवंतीतला म्हटल्यावर, तो स्वच्छ नसतो म्हणाल्या. मग निकाल दिला.

"पोलिओला बरोबर. इथं चूक. पुढच्या वेळी डबा वाच, सुनंदा."

तेवढ्यात अण्णा चहा घेऊन आले. रक्त परत का आलं म्हणे, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई घरच्या बोलीत बोलून मोकळ्या झाल्या.

"उन्हानं. लई ऊन हाय औंदा. तिनं काय करावं?"

बाईंना खोटं बोलताना मी पाहिलं ते तेवढंच.

पाठीचं दुखणं वाढत होतं, दुसरी नळी पाठवून निकालासाठी थांबता येत नव्हतं. केमो सुरू झाली. तीन डोसांनंतर पुन्हा रक्त घेतलं. या वेळी मी डबा दोनदा वाचला. रिपोर्ट आला की पेशी फारच कमी सापडल्या, ग्राहींबद्दल काही सांगता येत नाही. केमोनंतर पेशी कमी सापडणं वाईट नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रश्न सोडवलाच नाही तर मार्क कसले द्यायचे, असं बाई म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. शाळा उघडल्यावर त्यांच्या तासांचं वेळापत्रक मीच नव्यानं लावलं. अण्णा बाजारात भेटतात. त्या वर्षी ऊनच फार होतं, असं म्हणतात. मी हो म्हणते.

माझ्या यादीतली एक ओळ राहिली आहे: डॉक्टरांना विचारणे, पहिली नळी नीट पोहोचली असती तर काही बदललं असतं का. त्यासाठी लातूरला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांच्या खोलीबाहेर गर्दी होती. दुसऱ्यांदा बाहेर कोणीच नव्हतं, डॉक्टर आत मोकळे बसले होते.