हॉलची सरकती खिडकी

मालोजीअण्णांच्या घरात भांडण चाललंय की चहाला बोलावताहेत, हे नव्या माणसाला कळत नसे. मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. मी त्यांचा खालच्या खोलीतला भाडेकरू. हिंगोलीकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वरच्या मजल्यावरून "गणराज, मीठ दे!" अशी आरोळी यायची आणि मी दचकून उठून बसायचो. वर गणराज शांतपणे मीठ देत असायचा.

हे सगळं मागच्या प्रेस शॉपमुळे. अण्णांच्या महाळुंग्यातल्या घरामागे अगदी जवळ पत्र्याची एक शेड आहे, तिच्यात मोठमोठे प्रेस गाड्यांचे भाग ठोकून काढतात. दर ठोक्याला आमच्या भांड्यांच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरतात. ती जमीन अण्णांच्याच घरची. त्यांनीच विकली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. मग घरातले सगळे ओरडून बोलायला शिकले. अण्णांच्या पत्नी कौशल्याकाकूंना या आवाजाने अर्धशिशी जडली होती. दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून त्या स्वयंपाक करायच्या आणि बोळे आहेत म्हणून इतरांपेक्षाही मोठ्याने बोलायच्या.

अण्णांना मात्र कसलाच त्रास नव्हता, कारण अण्णांना ऐकू येत नव्हतं.

ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती, मला होती. आमच्या कंपनीतही प्रेस शॉप आहे आणि तिथली जुनी माणसं कशी बोलतात ते मी रोज पाहतो. त्यांची नजर समोरच्याच्या ओठांवर असते आणि अर्धं काम हातांच्या खुणांवर चालतं. अण्णांची नजरही तशीच ओठांवर. एकदा दारापुढच्या ओट्यावर मी तोंड न हलवता, नुसत्या खुणेने 'चहा झाला का' विचारलं. अण्णा आधी चपापले, मग पोट धरून हसले.

मग त्यांनीच सांगितलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पिंपरीत एका कंपनीत प्रेसवर काढली होती. तिथे दरवर्षी कान तपासायचे. डब्यासारख्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायचं. अण्णा काचेतून पलीकडच्या तपासणाऱ्याकडे बघायचे. आवाज सोडताना त्याचा खांदा हलला की अण्णांचं बटण. शेवटच्या वर्षापर्यंत कान एकदम पास.

"पण घरात सांगायला काय हरकत आहे?" मी विचारलं. "मशीन मिळतं आता कानात घालायचं."

"आमच्या चुलत्याला असंच झालं हुतं," अण्णा म्हणाले. "कळल्यावर घरात त्याला कुनी काय इचारंनाच. जमिनीचं बोलनं असू दे, न्हाईतर पोरीच्या लग्नाचं. ताट वाढलं की खांद्याला हात लावायचे, तेवढंच. मशीन घातलं की समद्यांना कळनार. तू कुनाला बोलू नको."

मी कुणाला बोललो नाही. खरं तर गरजही नव्हती. ज्या घरात मीठसुद्धा ओरडून मागतात, तिथे कमी ऐकू येणारा माणूस सहज खपून जातो. प्रेस शॉपने अण्णांचे कान नेले होते आणि त्याच आवाजाने ते झाकूनही ठेवले होते.

मग गणराजचं लग्न झालं आणि दिपाली घरात आली. ती एका आयटी कंपनीत, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करायची. तिच्या मीटिंगमधली पलीकडची माणसं विचारायची की मॅडम, तुम्ही कारखान्यात बसला आहात का. एकदा तर साहेबाने तिला मीटिंगमधून बाहेरच काढलं. गणराजने ठरवलं, जुन्या लोखंडी खिडक्या काढायच्या आणि दोन काचांच्या बसवायच्या. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडलेली असते, आवाज तिथेच अडतो.

अण्णांनी विरोध केला. आधी म्हणाले, वारं कुठून येणार. मग म्हणाले, जुनं लोखंड आजकाल मिळत नाही. शेवटी म्हणाले, "दगड लागला तर येकाच्या जागी दोन काचा फुटत्याल." खरं कारण फक्त मला कळत होतं. काकू मात्र पहिल्यांदाच नवऱ्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. "माझं डोकं फुटायची येळ आली, काचंचं काय घिऊन बसलाय!" असं त्यांनी सुनावलं आणि विषय मिटला.

खिडक्या पसंत करायला पिंपळे गुरवला जायचं ठरलं. गणराजची फर्स्ट शिफ्ट, दिपालीची मीटिंग, म्हणून गाडी चालवायला मी. मागे अण्णा आणि काकू. अण्णा नवा सदरा घालून बसले होते, पण चेहरा दवाखान्यात निघाल्यासारखा.

दुकानातल्या विक्रेत्याचं नाव ज्ञानेश. बोलणं गोड आणि अखंड. त्याने फ्रेमचे तुकडे दाखवले, रबराच्या पट्ट्या दाखवल्या, काचेवर बोट वाजवून दाखवलं. मग तो आम्हाला कोपऱ्यातल्या एका लाकडी खोक्यापाशी घेऊन गेला. खोक्यात स्पीकर होता आणि खोक्याला खरीखुरी छोटी खिडकी. आत ड्रिल मशीनचा आवाज लावायचा, खिडकी उघडी असताना ऐकायचा, मग लावून ऐकायचा, असा तो खेळ.

ज्ञानेशने खिडकी उघडली आणि तो वाकून स्पीकरचं बटण शोधायला लागला. बटण काही सापडेना. तोवर अण्णा पुढे झाले, कान खोक्यापाशी नेला, चेहरा त्रासिक केला. मग स्वतःच्या हाताने खिडकी लावली, पुन्हा कान नेला आणि खुशीत मान डोलावली.

"जमीन-अस्मानाचा फरक हाय राव!" अण्णा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले.

आवाज अजून लागलाच नव्हता. ज्ञानेश वाकलेला होता तो उठला आणि मोठ्याने हसला. त्याला वाटलं, अण्णा थट्टा करताहेत. "भारी आहात अण्णा!" म्हणत त्याने खिडकी पुन्हा उघडून बटण दाबलं आणि ड्रिल खरोखर किंचाळायला लागलं. मीही उगाच हसलो. काकू हसल्या नाहीत. त्या अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अण्णा ज्ञानेशच्या हसण्याकडे बघून हसत होते, आणि ड्रिल चालू झाल्याचं त्यांना अजूनही कळलं नव्हतं.

त्यानंतर काकूंनी कारभार हातात घेतला. ज्ञानेशने दोन प्रकार समजावून सांगितले. दारासारखी उघडते ती खिडकी रबरावर घट्ट दाबून बसते, आवाज जवळजवळ आतच येत नाही. सरकती खिडकी तेवढी घट्ट बसत नाही, थोडी फट राहतेच. घराच्या मागे प्रेस आहे म्हटल्यावर विचारच करू नका, असं त्याचं म्हणणं. दिपालीच्या आणि आतल्या खोलीला काकूंनी दारासारखी पसंत केली. हॉलला मात्र सरकतीच हवी म्हणून हटून बसल्या.

"मावशी, हॉल तर प्रेसच्या बरोबर समोर आहे," ज्ञानेश म्हणाला. "तिथे सरकती घेऊन पैसे वाया जातील."

"जाऊ द्या. येका हातानं उघडाया आली पायजे."

मला त्यांचा राग आला. येताना गाडीत मी समजावूनही पाहिलं. काकू बाहेर बघत बसल्या, आणि अण्णांना आमचं बोलणं चाललंय हेच माहीत नव्हतं.

खिडक्या बसल्या. कारागिरांनी जुन्या चौकटी उपटल्या, कडेने फोम मारला, सिलिकॉन भरलं. आमच्या खोलीला अर्थातच जुनीच खिडकी राहिली. भाडेकरूच्या कानांची कुणाला पडलेली नसते. पण वर जाऊन बघितलं तर खरंच चमत्कार होता. प्रेस कुठेतरी शेजारच्या गावात चालू असल्यासारखा वाटत होता. हॉलमध्ये जरा जास्त, पण तोही चालेल असा. इतकी वर्षं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं हे त्या घराला तेव्हा कळलं. काकूंनी कापसाची डबी कपाटाच्या वर टाकून दिली. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

आवाज गेला तशी घरातली माणसं हळू बोलायला लागली. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. दिपाली मुळात मृदू बोलणारी, गणराजही तिचं बघून कुजबुजल्यासारखा. पोळी तोडताना, मोबाइलमध्ये बघताना, मान खाली घालून बोलायचं. अण्णांना ओठ दिसेनात. सगळे हसले की ते मागाहून हसायचे. पुढे पुढे ते जेवण उरकून लवकर उठायला लागले आणि माझ्यापाशी ओट्यावर येऊन बसायला लागले.

मग एका सकाळी मागच्या पट्ट्यात टेप घेऊन दोन माणसं आली. घराला लागून दोन गुंठे मोकळी जागा उरली आहे, तिथे अण्णा मेथी, वांगी, थोडी गवार लावतात. एवढ्या मोठ्या शेतातलं तेवढंच राहिलंय. माणसं प्रेस शॉपची होती. अण्णा खुरपं हातात घेऊनच त्यांच्या अंगावर धावले. आरडाओरडा ऐकून गणराज धावत खाली आला.

"अण्णा, अहो, मीच बोलावलंय त्यांना! भंगार ठेवायला जागा भाड्याने पाहिजे होती त्यांना. परवा जेवताना विचारलं की मी तुम्हाला. तुम्ही व्हय म्हणालात!"

घाईत असला तरी तो ओरडून बोलत होता आणि अण्णांच्या समोर उभा होता, त्यामुळे अण्णांना सगळं कळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ऐकू आलं नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर जमीन वाचली असती.

"म्हनलो असंल," अण्णा म्हणाले. खुरपं वाफ्याच्या कडेला ठेवून ते ओट्यावर जाऊन बसले.

मला फार वाईट वाटलं. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलंही होतं. पण जिन्यात काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको अशी. माणसं मापं घेऊन गेली. सोमवारी तारेचं कुंपण घालायला येणार होती.

संध्याकाळी काकूंनी भजी केली आणि मला वर बोलावलं. हॉलमध्ये सगळे होते. गणराज आणि दिपाली हलक्या आवाजात काहीतरी बोलत होते, अण्णा ताटलीकडे बघत होते. मागे प्रेसची सेकंड शिफ्ट सुरू झाली होती. काकूंनी भज्यांची परात खाली ठेवली, खिडकीपाशी गेल्या आणि एका हाताने ती पार कडेपर्यंत सरकवली.

धाड! धाड! भज्यांच्या ताटल्या टेबलावर खडखडायला लागल्या.

"आई, बंद करा ना!" दिपाली ओरडली. तिला ओरडावंच लागलं.

"गुदमरतंय मला!" काकूही ओरडल्या. "रोज चहाच्या येळंला ही उघडी ऱ्हानार! गणराज, ते जागंचं काय हाय ते तुज्या बापाला आत्ता इचार. समोर बसून इचार, मोठ्यानं!"

गणराजला आईचं काही कळलं नाही. पण तो उठला, खुर्ची ओढून अण्णांच्या पुढ्यात बसला आणि पूर्वीसारखा, सगळं गाव ऐकेल असा ओरडला, "अण्णा! मागची जागा भंगाराला द्यायची का?"

अण्णांनी त्याच्या ओठांवरचं वाक्य पुरतं संपू दिलं.

"न्हाई!" ते म्हणाले. "माझी मेथी हाय तितं!"

"बरं! मग नाही म्हणून कळवतो त्यांना!"

"कळीव!"

आणि दोघं पूर्वीसारखे एकमेकांवर खेकसत, चिंचेच्या चटणीत भजी बुडवून खायला लागले. दिपाली लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली. काकूंनी स्टूल ओढलं, वर चढून कपाटावरची डबी काढली आणि कापसाचे दोन बोळे वळून आपल्या कानांत घातले.