आत्याबाईंच्या नळ्या आणि टोमॅटोचा रस्सा

आमच्या आत्याबाईंच्या तोंडात शेवटी पाचच दात उरले होते आणि त्या पाचांचं एकमेकांशी पटत नव्हतं. वर एक असेल तर त्याच्या खाली कुणी नाही. दौंडच्या डॉक्टरांनी ते पाचही काढले आणि सांगितलं, हिरड्या भरू द्या, कवळीला दोन-तीन महिने लागतील. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तोंडात कापूस होता म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. घरी आल्यावर कापूस काढला आणि मग जे बोलल्या ते डॉक्टरांच्या कानावर गेलं नाही हे बरं झालं.

सकाळ-दुपार भागायची. दूध, वरणभात, गिळून टाकत. पण रात्रीचं जेवण त्यांना माणसासारखं आणि झणझणीत पाहिजे होतं. खिचडी केली की म्हणायच्या, "मी काय बाळंतीण हाय?" लापशी केली की, "मी काय दवाखान्यात हाय?" भाकरी रश्श्यात भिजवून दिली तर ताटाकडं बघून म्हणाल्या, "म्हशीला घाल. तिला आंबोण आवडतं." आमच्याकडं म्हैस नव्हती. ताट सरकवून, तांब्याभर पाणी पिऊन त्या झोपायच्या. श्रावण लागेपर्यंत त्यांची चोळी खांद्यावरून उतरायला लागली. आमचे मालक कुरकुंभच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचे. जाताना रोज म्हणायचे, "आईला कायतरी खाऊ घाल." ते कायतरी कुठल्या दुकानात मिळतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

आमची थोरली तेव्हा शटल गाडीनं पुण्याला कॉलेजला जायची. तिनं एकदा पास्त्याचा पुडा आणला, त्याबरोबर तांबड्या सॉसची बाटली आणली, आणि ठेवून दिला रविवारी करीन म्हणून. पुड्यावर सगळं इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेली, ते मला वाचता येत नाही. पण आत काय आहे ते काचेसारख्या कागदातून दिसत होतं. पिवळ्या, पोकळ, बोटभर नळ्या. लग्नात तळतात त्या, पोरं बोटांत अडकवून खातात त्या. मी म्हटलं, ह्या तोंडात विरघळतात, आत्याबाईंना चालतील. मूठभर तेलात सोडल्या.

त्या काही फुलल्या नाहीत. नुसत्या काळपट झाल्या. मला वाटलं तेल तापलं नसेल, आणखी ठेवल्या. आत्याबाईंनी एक तोंडात घेतली आणि सुपारीसारखी या गालातून त्या गालात फिरवत राहिल्या. चांगला वेळ गेला. मग काढून मला दाखवली. होती तशीच होती.

"पुण्यात ह्ये खात्यात?" त्या म्हणाल्या. "लई दात हायेत म्हणायचं पुण्याला."

थोरली आल्यावर हसून हसून जमिनीवर बसली. मग तिनं मला सांगितलं की हे पाण्यात शिजवायचं आणि वरून सॉस घालायचा. फार शिजवायचं नाही, आत जरा कच्चं राहू द्यायचं, असं पुड्यावर लिहिलंय. मुद्दाम कच्चं ठेवायला कुणी पुड्यावर लिहून देतं हे मला खरं वाटलं नाही. रविवारी तिनं तसंच केलं. आत्याबाईंनी सॉस बोटानं चाटला. "गोड कालवण," म्हणाल्या, आणि तांब्याकडं हात गेला.

मंगळवारी थोरली घरात नव्हती, त्यामुळं मला कुणी कच्चं ठेवायला सांगणारं नव्हतं. एका बाजूला पातेल्यात पाणी, मीठ आणि उरलेल्या नळ्या ठेवल्या. त्या शिजेपर्यंत दुसरीकडं कालवण. चार टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसले, गर खाली पडतो आणि साल हातात राहते, हिरड्यांत अडकायला नको. तेलात ठेचलेला लसूण, बारीक कांदा, मग टोमॅटो. तेल सुटल्यावर कांदा-लसूण मसाला, चिमूटभर गूळ आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट. घट्ट वाटलं म्हणून नळ्यांचंच पाणी दोन पळ्या घातलं. नळी दोन बोटांत दाबली की चपटी झाली पाहिजे एवढी शिजवली आणि रश्श्यात टाकून एक उकळी आणली. भाकरी थापायला घेतल्या असत्या तर चार भाकरी होईपर्यंत हे सगळं झालं असतं.

आत्याबाईंनी एक नळी उचलली. तिच्यात रस्सा भरला होता. त्यांनी ती ओठांत धरून ओढली. मटणाची नळी ओढतात तसा आवाज झाला. मग दुसरी. मग ताट मांडीवर घेतलं.

तेवढ्यात शेजारची वहिनी विरजण मागायला आली. तिला दिसलं काय, तर श्रावणातला मंगळवार, घरभर लसणाचा वास, तांबडा तवंग, आणि गल्लीतल्या सगळ्यांना सोवळं-ओवळं शिकवणाऱ्या आमच्या आत्याबाई डोळे मिटून नळी ओढतायत.

"मावशी, श्रावणात?"

सांगायला मी होते. पण मला माणसांसमोर बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. मी नुसती पळी वर केली. आत्याबाईंनी एक डोळा उघडला.

"कोवळं हाय गं. बस की."

थट्टा करायची सवय होती त्यांना. वहिनी विरजण न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी मालकांना कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं श्रावणात बेत असतो म्हणे. ते घरी येऊन माझ्यावर उखडले. पाप लागेल म्हणून नव्हे. "आन् मला डब्यात दोडका?" म्हणाले.

पण आत्याबाईंना ते लागलं. थट्टा केली त्यांनीच, आणि गल्लीनं खरी धरली तेव्हा तोंड एवढंसं झालं. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "श्रावण सरंस्तवर नगं मला त्या नळ्या." थोरलीनं नवा पुडा आणला होता, तो तसाच पडला. पुन्हा ताट सरकवणं, पुन्हा पाणी. एक रात्र, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी त्या मोरीतून येताना भिंतीला धरून आल्या.

मग मी एक गोष्ट केली. संध्याकाळी गल्लीतल्या बाया दारात तांदूळ निवडत बसतात, त्या वेळी पंपाचा स्टोव्ह उचलून बाहेर ओट्यावर आणला. किसणी आणली, टोमॅटो आणले, पुडा आणला. बोलायला येत नव्हतं, पण किसायला कुणाची भीती आहे? पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि किसत सुटले. घाबरून आठ-दहा टोमॅटो किसले. बाया एक एक करत जवळ आल्या.

"ह्ये काय गं?"

"टोमॅटो," मी म्हटलं.

"त्ये दिसतंय. पुढं काय?"

"लसूण."

एवढंच माझं भाषण. बाकीचं त्यांनी डोळ्यांनी बघितलं. वहिनीनं कोरडी नळी हातात घेऊन डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडं बघितलं. "पीठ हाय व्हय," म्हणाली. कूट टाकल्यावर वास सुटला तशी ती घरी जाऊन वाटी घेऊन आली. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या.

आत्याबाई उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. मी ताट त्यांच्यापुढं ठेवलं. सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांनी नळी उचलली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि असा आवाज काढला की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून बसलं.

"जरा दमानं, मावशी," वहिनी म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाटंल?"

"वाटू दे," आत्याबाई म्हणाल्या. "तू खाली बघून खा. तुझ्या हनुवटीला रस्सा लागलाय."

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन रात्री तेच व्हायचं. दिवाळीच्या आधी कवळी आली. पहिल्या रात्री सुट्टी होती म्हणून मालकही जेवायला घरी होते. आत्याबाईंनी कवळी लावून नळी खाल्ली. दात लागताच नळी चपटी झाली आणि रस्सा थेट मालकांच्या शर्टावर गेला. आत्याबाईंनी कवळी काढली, पाण्याच्या वाटीत सोडली आणि वाटी फळीवर सरकवली.

"ही पाव्हण्यांसाठी," म्हणाल्या, आणि ताट मांडीवर घेतलं.