रिस्पॉन्ड करत नाहीत

लोणीच्या शेतात कांद्याला पाणी देताना वडिलांना झटका आला. मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "पेशंट रिस्पॉन्ड करत नाहीत," आणि घाईने पुढच्या पेशंटकडे गेले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. "म्हंजी काय रं?"

रिस्पॉन्ड म्हणजे उत्तर देणे, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. तेच सांगून मोकळा झालो. "उत्तर देत नाहीत, असं म्हणतायत."

डॉक्टरांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. डोळ्यांवर बॅटरी मारा, हाताला चिमटा काढा, त्यांचं शरीर दाद देत नव्हतं. पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

"परक्यांसंगं कुटं बोलत्यात ते," आई म्हणाली. "मी जाते."

आत एकाच माणसाला, तेही पाचच मिनिटं सोडत. आई सकाळ-संध्याकाळ जायची आणि त्यांना काहीबाही विचारायची. दाराशी मला ऐकू यायचं. "मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची चावी कुटं ठिवली?" मग ती त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन थांबायची.

तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन बाकावर बसली. "माझ्यावर रागावलेत. त्या दिशी डबा उशिरा न्हेला व्हता मी. किती माफी मागितली, तरी बोलत न्हाईत."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "आई, ते रागावलेले नाहीत. त्यांना काही कळतच नाही. डॉक्टरांना तेच सांगायचं होतं."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुला ठावं व्हतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी तिने आत जाऊन ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं. विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

आता घरी इंग्रजीतला एखादा कागद आला, की आई तो शेजारच्या सुनेकडे घेऊन जाते. मी ओसरीवरच बसलेला असतो. ती माझ्यासमोरून जाते, अर्थ विचारून परत येते आणि कागद पेटीत ठेवते. ती हे रागाने करत नाही. मला जेवायला वाढते, माझी विचारपूस करते. फक्त कुठल्या शब्दाचा अर्थ तेवढा विचारत नाही.