आमची पनीरची कंपनी आणि सबनीसकाकांच्या घारी

कंपनीत सीएसआरचं, म्हणजे समाजकार्यावरच्या खर्चाचं, काम अंगावर पडलं की किस्से आपोआप साचत जातात. फाइली वर्षाअखेरीला ऑडिटवाले घेऊन जातात. किस्से कोणीच नेत नाही! ते आपल्याबरोबर घरी येतात. माझे तर सगळे एकाच जागेचे आहेत, लखनौच्या अलीगंजमधल्या एका घराच्या मागच्या अंगणातले. ऐकणारे हसतात, सांगताना मीही हसते. मग सगळे गेल्यावर कप विसळताना कसंतरी होतं.

आधी माणसं सांगते. मी वैशाली मेश्राम. मूळ नागपूरची, पण बाबांच्या सरकारी नोकरीमुळे वाढले लखनौतच. आता वृंदावन योजनेत राहते. आमची कंपनी दूध, पनीर, आइसक्रीमची. कोल्ड स्टोरेज अमौसी विमानतळाच्या बाजूला.

सबनीसकाका म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले इंजिनियर, सोलापूरकडचे. काकू गेल्या तेव्हा मुलाने बेंगळुरूला बोलावलं, तर म्हणाले, "कसा येऊ? इथे माझे पेशंट आहेत." पेशंट म्हणजे मांजाने पंख कापलेल्या घारी, पकडून विकायला काढलेली घुबडं, गाडीखाली आलेली कासवं. छोटी संस्था काढून, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी घरामागे दवाखाना उघडला होता. तिथे औषधपाणी बघायच्या डॉ. रिझवाना. आणि चौथे आमचे एम.डी. साहेब. झालं, एवढीच मंडळी.

* * *

पहिल्या मीटिंगला एम.डी. साहेबांनी विचारलं, "सबनीसजी, बताइए, आपको क्या चाहिए?"

मला वाटलं, काका अॅम्ब्युलन्स मागतील, एक्स-रे मशीन मागतील. काका म्हणाले, "आपके कोल्ड स्टोरेज में एक कोना."

"किसलिए?"

"गोश्त रखना है. चीलों का खाना."

घारींसाठी मांस, आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये! आमच्या गेटवर हातभर अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं आहे. साहेब तर कांदासुद्धा खात नाहीत. बराच विचार करून ते म्हणाले, "पनीर नहीं चलेगा? प्रोटीन तो वही है."

काका अजिबात हसले नाहीत. "मैं तो खिला दूँगा, साहब. चील को आप समझा दीजिए."

शेवटी काकांच्या अंगणात आम्ही एक वेगळा डीप फ्रीझर बसवून दिला. साहेबांची एकच अट होती, की त्यावर कंपनीचं नाव नको! पुढे सगळ्या गोष्टींवर नाव हवं म्हणून आग्रह धरणाऱ्या आमच्या कंपनीने न मिरवलेली ही एकमेव वस्तू. आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला तो हिचाच.

* * *

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत आकाश पतंगांनी भरलेलं असतं. त्यानंतर आठवडाभर काकांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. रिझवाना एकीचे टाके संपवून दुसरीला घ्यायच्या. काही घारींना टाके घालण्यासारखंही काही उरलेलं नसायचं.

नेमका त्याच सुमारास आमचा अॅन्युअल डे. साहेबांना वाटलं, स्टेजवरून एक बरी झालेली घार सोडावी. फोटो छान येईल. मी काकांना फोन केला.

"एकही उडण्यासारखी नाही गं," काका म्हणाले.

मी साहेबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "अरे, कोई छोटी वाली दे दें."

अॅन्युअल डेला काका आले. हातात पुठ्ठ्याचा खोका, वर पांढरं कापड. मी घाबरलेच. स्टेजवर लाइट आले, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला, साहेबांनी कापड ओढलं. खोका रिकामा!

पुढच्या रांगेतून अकाउंट्सच्या कोणीतरी ओरडून विचारलं, "चील कहाँ है?"

काकांनी माइक घेतला. "आपकी छत पर. माँझे में."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणालाच कळेना. साहेब माझ्याशी पुढचे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला सांगितलं की चिनी मांजा वापरताना कोणी दिसला तर गाठ माझ्याशी आहे. त्यांच्या स्वतःच्या नातवाची मांजाची चरखी त्यांनी आधी जप्त केली, असं त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं.

* * *

आमच्या गाड्या दिवसरात्र हायवेवर असतात. काकांनी ड्रायव्हर लोकांना एक दुपार शिकवलं. जखमी प्राणी दिसला तर काय करायचं, काय नाही करायचं, कोणाला फोन करायचा. बहुतेकांनी समोसा खाल्ला आणि निघून गेले. सुरेंदर नावाचा एक ड्रायव्हर मात्र ऐकत राहिला होता.

एकदा दुपारी डिस्पॅच मॅनेजरचा मला फोन, आवाज तापलेला. "मैडम, आपकी संस्था ने मेरी पूरी गाड़ी पिघला दी!"

झालं असं, की सुरेंदरला बाराबंकीच्या अलीकडे रस्त्यात पाठ फुटलेलं कासव दिसलं. त्याने गाडी वळवली आणि ते मांडीवर घेऊन थेट अलीगंज गाठलं. गर्दीत गाडी अडकली. मागचं कूलिंग आधीच कुरकुरत होतं, ते बंद पडलं. याने खाली उतरून बघितलंसुद्धा नाही. मांडीवर कासव होतं ना!

मॅनेजरने त्याला माझ्यासमोर उभं केलं. "जवाब दो!"

सुरेंदर म्हणाला, "साहब, आइसक्रीम दोबारा जम जाएगी."

मॅनेजरलाही हसू आलं, प्रकरण तिथेच मिटलं.

कासव दुसऱ्या दिवशी गेलं. सुरेंदर संध्याकाळी विचारायला आला, तेव्हा मी आणि रिझवाना एकमेकींकडे बघत बसलो. काकांनीच त्याला बाजूला बसवून सांगितलं. तो बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "अगली बार और तेज़ चलाऊँगा, अंकल."

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नहीं बेटा. धीरे चलाओ. सब धीरे चलाएँ, तो लाना ही नहीं पड़ेगा."

* * *

माझी मुलगी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. लखनौतल्या आमच्या सगळ्याच घरांची ही कथा. अलीगंजहून मी घरी आले की ती पहिला प्रश्न विचारायची, "मम्मा, आज कौन मरा?"

एका रविवारी तिला काकांकडे नेलं, तर तिथेही तिने हेच विचारलं. मी ओशाळले. काका खाली बसले, तिच्या उंचीला आले. "असं नाही विचारायचं बाळा. विचारायचं, आज कोण उडालं?"

"अच्छा. आज कौन उड़ा?"

काकांनी तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी कोणीच उडालं नव्हतं.

"मी उडणार आहे," ते म्हणाले आणि हात पसरून अंगणात एक चक्कर मारून आले. सत्तरी पार केलेला माणूस! मुलगी खिदळत होती. काका पायरीवर बसले तेव्हा त्यांना धाप लागली होती. छातीवर हात ठेवून ते बराच वेळ तसेच बसले. आम्हाला वाटलं, खेळामुळे असेल.

* * *

मग आमचं नवं ऑफिस झालं. चारही बाजूंनी निळसर काच. आत बसलं की वाटावं आपण आभाळातच आहोत. पक्ष्यांनाही तसंच वाटायचं. काचेत समोरची झाडं दिसत, ते तिकडे झेपावत आणि 'थप्' असा आवाज येई. सुरुवातीला आम्ही दचकायचो. पुढे कोणी मानसुद्धा वर करेना. सफाईवाली सकाळी काय उचलून नेते, हे विचारावंसं कोणाला वाटत नव्हतं. मी तिच्याकडून ते घेऊन काकांकडे पोचवायला लागले. जिवंत असतील ते, आणि नसतील तेही.

संस्थेबरोबरचा करार वाढवायची मीटिंग त्याच ऑफिसात ठरली. टेबलावर ढोकळा, कॉफी, नव्या बॅनरचं डिझाइन. काका आले आणि त्यांनी पिशवीतून बुटांचा एक खोका काढून बॅनरशेजारी ठेवला. साहेबांना वाटलं, भेटवस्तू. त्यांनीच झाकण उघडलं.

आत कापसावर एक नवरंग पक्षी होता. हिरवी पाठ, निळे खांदे, शेपटीखाली लाल. मान एका बाजूला पडलेली.

"ये कहाँ मिला?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"आपकी पार्किंग में. यहाँ तो बस रास्ते में रुका था, बहुत दूर जाना था इसको."

आमचे आर्किटेक्ट मध्येच म्हणाले, "सर, ग्लास में कोई डिफ़ेक्ट नहीं है. इंपोर्टेड है."

"हाँ," काका म्हणाले, "चिड़िया ही मामूली है."

काका मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वैशाली, यांना सांग. मला यांचं औषध नको. आधी पेशंट पाठवणं बंद करा म्हणावं."

मी भाषांतर केलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. साहेब त्या खोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं, अगदी हलक्या हाताने, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं, आणि विचारलं, "शीशे का क्या कर सकते हैं?"

* * *

काचेवर बाहेरून ठिपके लावतात, हातभर नाही, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. मग पक्ष्यांना कळतं की इथे भिंत आहे. ठरायला वेळ गेला, माल यायला त्याहून जास्त. तोवर काकांचं हृदय पार थकलं होतं. डॉक्टरांनी जिना बंद केला, अंगण बंद केलं. अंगणाचं त्यांनी ऐकलं नाही.

पूर्वेची बाजू पुरी झाली त्या दुपारी मी खाली उतरले, तर गेटवर वादावादी चाललेली. काका एकटेच ऑटोने आले होते आणि नवीन गार्ड त्यांना सोडत नव्हता.

"पास दिखाइए, तभी अंदर जाएँगे."

"अरे भाई, अंदर किसको जाना है? मुझे बाहर से देखना है!"

गार्डला हा प्रकार नवा होता. बाहेरून बघायला पास लागतो का, हे त्याने वॉकीटॉकीवरून विचारलं!

मी काकांचा हात धरून फुटपाथवर नेलं. उन्हात डोळ्यांवर हात धरून ते बघत राहिले. एक साळुंकी सरळ काचेच्या रोखाने आली, ठिपक्यांच्या अलीकडे वळली आणि छतावर जाऊन बसली.

"दिसली तिला," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बाकीच्या तीन बाजू?"

"करताहेत, काका."

"लवकर करा गं."

चहाला थांबा म्हटलं, तर थांबले नाहीत. औषधाची वेळ झाली म्हणाले. त्यांच्या नव्हे, घुबडाच्या.

* * *

काका गेले तेव्हा उत्तरेची बाजू चालू होती.

मुलगा विमानाने आला. घाटावर लखनौतली आठ-दहा मराठी घरं, रेल्वेतले जुने लोक, बरेचसे आमचे ड्रायव्हर. सुरेंदर तर गाडीच घेऊन आला होता, तीच आइसक्रीमची. साहेब मोठं पुष्पचक्र घेऊन आले. त्यावर कंपनीच्या नावाची रुंद सोनेरी पट्टी होती, पीआरवाल्यांनी लावलेली. फोटोग्राफरही आला होता.

साहेबांनी चक्र ठेवलं आणि त्यांची नजर पट्टीवर गेली. खाली वाकून त्यांनी ती स्वतः सोडवायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी दातांनी तोडली, घडी करून खिशात घातली आणि फोटोग्राफरला म्हणाले, "तुम जाओ."

* * *

दवाखाना बंद पडला नाही. मुलाने घर संस्थेला वापरू दिलं, रिझवाना बघतात, आमची कंपनी खर्चाला आहे.

काका गेल्यावर थोड्या दिवसांनी रिझवानांचा मला ऑफिसात फोन आला. "दीदी, आप आ सकती हैं? एक चील है, दोनों पंख कटे हुए. अंकल उससे मराठी में बात करते थे, तब खाती थी. हम लोग बोलते हैं तो मुँह फेर लेती है. आप ज़रा मराठी में कुछ बोल दीजिए."

लंच सोडून गेले. ऊन उतरतीला लागलं होतं. घार पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, पाठ करून बसलेली. मी समोर स्टूल ओढलं आणि गप्पच बसले. घारीशी काय बोलतात, हे मला कुठे माहीत होतं? रिझवाना माझ्या मागे पायरीवर बसल्या, काका बोलत असले की बसायच्या तशाच.

"बोलिए न, दीदी. कुछ भी."

मग मी सुरू केलं. आधी म्हटलं, जेव गं बाई, असं उपाशी राहू नये. मग म्हटलं, आज ऊन फार आहे, आमच्या नागपूरला याच्या दुप्पट असतं. दक्षिणेची बाजूही पुरी झाली, म्हटलं, आता एकच राहिली. माझी मुलगी हल्ली मराठीत उत्तर द्यायला बघते, चुकते आणि स्वतःच हसते, हेही सांगितलं. काका तुला काय म्हणायचे ते मला येत नाही, म्हटलं, पण तू खाऊन घे. बोलता बोलता किती वेळ गेला, कळलंच नाही. घारीने एकदाही मान वळवली नाही.

थकून मी मागे वळले. "नहीं खा रही, डॉक्टर साहब."

रिझवानांनी ओढणीने चेहरा पुसला. सगळा चेहरा ओला होता.

"उसने तो सुबह ही खा लिया था," त्या म्हणाल्या. "आप थोड़ा और बोलिए न."