इंग्रजीच्या बाईंची हिंदीची ऑर्डर

“मॅडम, त्या पत्रात ‘इंग्रजी’ हा शब्द मी लिहिणार न्हाय. बाकी काय पायजे ते सांगा, झ्याक लिहून देतो.”

कबनूरच्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक मगदूम सर मला हे बजावत होते, आणि नेमका तोच एक शब्द मला हवा होता. बाकी त्यांनी न सांगताच बरंच लिहिलं होतं. त्यांच्या शाळेतली शिक्षिका दीपाली सुस्वभावी आहे, चांगल्या घरची आहे, तिची वर्तणूक आदर्श आहे, वगैरे. वाचून मला वाटलं, हे नोकरीचं पत्र आहे की सोयरिकीचं?

परदेशी नोकरीला जाणाऱ्या शिक्षकांची कागदपत्रं तयार करून देणारं माझं छोटं ऑफिस कोल्हापुरात आहे. त्याआधी मी स्वतः कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांचा समज असतो, की फाडफाड इंग्रजी बोलता आलं आणि एक ऑनलाइन सर्टिफिकेट मिळवलं की झालं. तसं नसतं. चांगल्या शाळा तीन गोष्टी बघतात. इंग्रजी विषयाची डिग्री, बी.एड., आणि बी.एड.नंतर तोच विषय शिकवल्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव. यातला ‘तोच विषय’ हा भाग लोक वाचतच नाहीत.

दीपालीकडे डिग्री इंग्रजीची होती. बी.एड.ला प्रत्येकाला दोन विषय घ्यावे लागतात, तिचे हिंदी आणि इंग्रजी. शाळेत जागा हिंदीची निघाली, म्हणून नेमणुकीची ऑर्डर हिंदीची. त्याच वर्षी इंग्रजीचे सर रिटायर झाले आणि ती जागा काही भरली गेली नाही. मग मगदूम सरांनी दीपालीला बोलावून सांगितलं, “तेवढं नववी-धावीचं इंग्रजी बघा की.” हे ‘तेवढं’ नऊ वर्षं चाललं.

आता मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेनं तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू घेतला होता. मागं नवऱ्याच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना तिनं असा काही पाठ घेतला, की पलीकडच्या बाईंनी तिथल्या तिथं पसंती सांगितली. फक्त इंग्रजी शिकवल्याचं पत्र आठ दिवसांत पाठवा म्हणाल्या. ते नाही मिळालं तर जागा दुसऱ्याला.

सरांचं म्हणणं साधं होतं. “ऑर्डर हिंदीची. मी इंग्रजी लिहिलं आणि उद्या तपासणीत कुणी इचारलं, तर जबाब कोण देणार?”

मी हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी दीपाली आणि तिचा नवरा संतोष ऑफिसात हजर. संतोषनं खिशातून एक कागद काढला. कुठल्याशा एजंटानं दिलेलं, कुठल्याशा शाळेचं पत्र. शिक्का झकास, सही झोकदार. दीपालीनं तिथं तीन वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणे.

“ही शाळा कुठं आहे?” मी विचारलं.

“असंल की कुठंतरी.”

“तिकडून या नंबरवर फोन येतो, संतोष. खात्री करतात ते. कोण उचलणार?”

“नंबर माझाच घातलाय. मी उचलतो की.”

“आणि इंग्रजीत काय बोलणार?”

संतोष बायकोकडे बघायला लागला. मला हसू येत होतं, पण दीपालीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, “मॅडम, नऊ वर्षं खरं शिकवलंय मी. मग खोटं पत्र का लावू? त्या नोकरीसाठीच म्हणून न्हाय, पण एकदा तरी कागदावर माझ्या नावापुढं इंग्रजीची शिक्षिका असं लागू दे.”

मला एकदम राग आला. तिचा नाही, या सगळ्या कारभाराचा. खोटा अनुभव एका दिवसात मिळतो आणि खऱ्यासाठी बाईनं रडायचं!

मी वही पुढं ओढली. “शिकवल्याचा पुरावा काय आहे ते सांग. वेळापत्रक?”

“फळ्यावर असतंय. दर जूनला पुसत्यात.”

“मार्कांच्या याद्या?”

“सरांच्या कपाटात. कुलपात.”

“तुझ्याजवळ काय आहे?”

“माझ्याजवळ काय असणार? टाचणं हायत नुसती.”

मी खुर्चीतून उठलेच. टाचण म्हणजे पुढच्या आठवड्यात कुठल्या वर्गाला काय शिकवणार, कसं शिकवणार, हे शिक्षकानं वहीत लिहायचं आणि मुख्याध्यापकांनी त्यावर सही करायची. शिक्षकांना या कामाचा मनस्वी कंटाळा. वर्ष संपलं की वह्या रद्दीत जातात. दीपालीचा मात्र रद्दीत घालायला जीव झाला नव्हता. संतोषच्या कारखान्यात, माळ्यावर, सुताच्या पोत्यांमागं तिनं त्या ठेवल्या होत्या. आम्ही तिघांनी त्या खाली काढल्या तेव्हा माझ्या केसांत इतका कापूस बसला होता, की संतोष म्हणाला, “मॅडम, एकदम म्हाताऱ्या दिसायलाय.”

इंग्रजीच्या चौदा वह्या निघाल्या. त्या मी मगदूम सरांच्या टेबलावर ठेवल्या. सरांनी एक उघडली. पानापानावर त्यांची सही, खाली तारीख. कुठं शेरा, ‘शब्दसंग्रहावर भर द्यावा.’ कुठं, ‘फलकलेखन उत्तम.’ त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली.

“ह्या सह्या माझ्याच हायत,” ते हळूच म्हणाले.

“तुमच्याच.”

“एवढ्या वेळा बघितलं मी?”

“बघितलं का ते मला माहीत नाही सर. सही केलीय.”

सर मोठ्यानं हसले. मग गंभीर झाले. “पण तपासणीचं काय?”

“इंग्रजीची जागा भरा म्हणून वर पत्र पाठवता की नाही?”

“दरवर्षी पाठवतो की.”

“मग जागा रिकामी आहे हे वरच्यांना ठाऊकच आहे. मुलांना कुणीतरी शिकवलंच असणार. लपवायचं कुणापासून? दोन्ही लिहा. नेमणूक हिंदीची, जागा रिकामी असल्यानं इंग्रजी शिकवलं, टाचणं मी स्वतः तपासली.”

मग सरांनी लेटरहेड ओढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. शेवटी मी न सांगितलेलं एक वाक्य घातलं, की गेली नऊ वर्षं या शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षिका याच आहेत. दीपालीनं ते तिथंच उभ्यानं दोनदा वाचलं.

पत्र आणि टाचणांची निवडक पानं गेली. तिसऱ्या दिवशी तिकडून सरांना फोन आला. सर फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलले म्हणे, की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली. महिन्याभरात दीपालीचा व्हिसा आला आणि ती गेली. यातून मी एक शिकले. कुणीही शिक्षक आला की मी पहिल्यांदा सांगते, टाचणं रद्दीत घालू नका.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मगदूम सरांचा फोन.

“मॅडम, आमची बाई न्हेलीसा. आता धावीला इंग्रजी मी शिकवतोय. पोरं तोंड दाबून हसत्यात. कोण हाय का तुमच्या बघण्यात?”

“ऑर्डर कुठल्याही विषयाची असली तरी चालेल?” मी मुद्दाम विचारलं.

“ऑर्डरचं काय घेऊन बसलाय? शिकवता आलं म्हंजे झालं की!”

एवढं लेखी द्याल का, असं अगदी माझ्या ओठावर आलं होतं.