बिनखटक्याचा मिक्सर

आमच्या घरमालक काकांनी साठ वर्षांच्या आयुष्यात स्वतःहून एकही गोष्ट ठरवली नव्हती, असं मी म्हटलं तर आखाडा बाळापुरातला एकही माणूस मला खोटं पाडणार नाही. उलट “साठ न्हाई बाई, एकसष्ट,” अशी दुरुस्तीच करील. त्यांची नोकरीही त्यांना शोभेल अशीच होती. पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. पाणी कधी सोडायचं ते वरून कळायचं, कधी बंद करायचं तेही वरूनच कळायचं आणि काका मधल्यामध्ये सायकलवर. घरी आल्यावर ‘वरून’ म्हणजे काकू. रिटायर झाल्यावर खातं सुटलं, पण काकू होत्या, त्यामुळे काकांचं काही अडलं नाही. मी शाळेच्या नोकरीनिमित्त त्यांच्या घराच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले तेव्हा हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. काकू पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “जिल्हा झाला, बाई, पण आमच्या ह्यांचं काई ठरंना. आमचं लगनबी माझ्या बापानं ठरवलं म्हणून झालं. ह्यांच्यावर सोडलं असतं तर मी अजून माहेरीच भाकरी थापत बसले असते.” काका शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि “तसं बी बरं अन् असं बी बरं,” असं म्हणून ते काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले, चहा सांगायचा की सरबत हे कळावं म्हणून.

हे वाक्य त्यांचं कायमचं. स्टँडवर नांदेडला जायला उभे राहिले तर पहिली गाडी सोडायचे, ती फार भरलेली म्हणून. दुसरीही सोडायचे, ती फारच रिकामी, म्हणजे काहीतरी कारण असणार म्हणून. तिसरी येईपर्यंत नांदेडचं काम संपायची वेळ झालेली असायची, मग ते घरी यायचे आणि काकूंना सांगायचे, की गर्दी फार होती. एकदा तर कमालच झाली. दाढी करता करता न्हाव्यानं सहज विचारलं, “साहेब, मिशी ठेवायची का काढायची?” काका उठले आणि गळ्यातल्या टॉवेलासकट, एका गालाला साबण तसाच, भर बाजारातून घरी आले. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वरही न पाहता “ठेवा,” म्हणून सांगितलं. काका परत गेले. आजही ती मिशी आहे. मला त्यांचा रागही यायचा, हे खरं सांगायला हवं. मी चाळीस पोरांना रोज ‘लवकर बोल, उभा का राहिलास’ म्हणणारी बाई. मला असा माणूस समोर दिसला की हात शिवशिवायचे. पण रागवावं तर ते इतक्या आदबीनं ऐकून घ्यायचे, की मलाच ओशाळं वाटायचं.

आणि तरीही एक काम काका न चुकता, अगदी सैन्यातल्या शिपायासारखं करायचे. ते म्हणजे काकूंच्या मिक्सरचं. मिक्सर जुना होता. त्याचा खटका कधीचाच तुटून पडला होता, नुसती एक खुंटी उरली होती, तीही चालू बाजूला अडकलेली. त्यामुळे तो भिंतीवरच्या बोर्डाच्या बटनावर चालायचा. आता बोर्ड कुठे असावा? वायरमननं तो बसवला होता दाराच्या चौकटीपाशी, ओट्यापासून चांगला सहा पावलांवर. मिक्सरची वायर जोडून जोडून तिथवर नेलेली. शिवाय झाकणाचं रबर सैल, ते दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. म्हणजे हिशेब सरळ होता, हा मिक्सर चालवायला दोन माणसं लागत. काकू झाकणावर, काका बटनापाशी. काकू “हं” म्हणायच्या, काका बटन दाबायचे. काकू नुसत्या आवाजावरून ओळखायच्या की चटणीचं कारळ पुरेसं बारीक झालं, आणि “बस्स” म्हणायच्या. त्या ‘बस्स’मधल्या ‘ब’लाच काका बटन बंद करायचे. भिंतीपलीकडे मी शाळेची तयारी करत असायची आणि रोज सकाळी मला ते ऐकू यायचं. हं, घर्रर्र, बस्स. पुन्हा हं. मी एकदा काकूंना म्हटलं, “अहो, हिंगोलीला नेऊन खटका बसवून घ्या ना, केवढंसं काम!” तर काकू हसल्या. “मंग ह्यांना काम काय ऱ्हाईल घरात?” म्हणाल्या. मला तो विनोद वाटला.

पुढच्या थंडीत काकू गेल्या. आजार पंधरा दिवसांचा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अख्खी गल्ली होती. वंदना झाली, पुण्याहून आलेल्या मुलानं चार शब्द बोलायचा प्रयत्न केला आणि ते त्याला जमलं नाही. काका मात्र रडले नाहीत. कोणी ‘बसा’ म्हटलं की बसायचे, ‘जेवा’ म्हटलं की जेवायचे. मुलगा परत गेला. गल्लीतल्या बायांनी डबे लावून दिले, मीही दिवसाआड भाजी द्यायची. महिनाभरानं एका सकाळी भिंतीपलीकडून घर्रर्र ऐकू आलं आणि माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. कारण ‘हं’ ऐकू आलं नव्हतं. पाठोपाठ काहीतरी फाडदिशी आदळलं, मग नुसता हुंऽऽ असा आवाज येत राहिला, आणि थोड्या वेळानं जळका वास. मी धावत गेले. बघते तर काका स्वयंपाकघराच्या बरोबर मधोमध उभे. ओट्यापासून तीन पावलं, बोर्डापासून तीन पावलं. झाकण उडून कोपऱ्यात पडलेलं. शेंगदाण्याची अर्धी चटणी स्लॅबला आणि थोडी काकांच्या कपाळाला. उरलेल्या कुटाचा गोळा होऊन पातं अडकलेलं आणि मोटर धूर सोडत राहिलेली. मी बटन बंद केलं. काका म्हणाले, “बाई, आधी झाकण धरावं का आधी बटन बंद करावं, काई सुधरंना.” मला हसू आलं. खरंच आलं, आवरेना. काकाही हसले. आणि मग हसता हसताच ते खाली बसले आणि महिन्याभराचं सगळं रडून घेतलं. “तिचा मिक्सर जाळला म्या, बाई,” एवढंच म्हणत राहिले.

त्यानंतर सुरू झाला गावभरचा विचारविनिमय. हा मिक्सर दुरुस्त करावा का नवा घ्यावा? काकांनी न्हाव्याला विचारलं, भाजीवालीला विचारलं, दोन कंडक्टरांना विचारलं. मला तर म्हणाले, “बाई, तुमच्या सातवीच्या वर्गात ह्या इषयावर वक्तृत्व ठेवा ना. लेकरं खरं बोलतेत.” जो ‘नवा घ्या’ म्हणे त्याचंही काकांना पटायचं, जो ‘जुनं ते सोनं’ म्हणे त्याचंही. नांदेडला जाऊन नवे मिक्सर बघून आले. तीन भांड्यांचा घ्यायचा का दोन भांड्यांचा, असं दुकानदारानं विचारलं म्हणे, आणि काका हात हलवत परत. इकडे जळका मिक्सर काकूंच्या धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवलेला. दिवसातून दोनदा काढायचे, पुसायचे, ठेवायचे. मी एकदा चिडून म्हटलं, “काका, ते काय दुखणाईत माणूस आहे का?” तर म्हणाले, “व्हय की.”

फोन माझ्याकडे होता, म्हणून मुलाचे फोन माझ्याच खोलीत यायचे. एका रविवारी मुलगा जरा चढ्या आवाजात बोलला, मला बसल्या जागी ऐकू आलं. “बाबा, नवीन घ्या म्हणून किती वेळा सांगितलं. एक मिक्सर ठरवता येत नाही तुम्हाला, एकटे राहणार कसे? मे महिन्यात येतो मी. सामान बांधून ठेवा, इकडेच राहा.” काकांनी “बरं,” म्हणून फोन ठेवला. मी म्हटलं, “जाणार का मग?” वाटलं, आता तसं बी बरं अन् असं बी बरं. पण काका म्हणाले, “पोरगं चांगलं हाय, बाई. सूनबी चांगली. पण इथं तुमच्या काकूला वळखणारे लोक हायेत. बाजारात गेलं की कोणीतरी म्हणतंय, काकूच्या हातची येसराची आमटी खाल्ली व्हती. पुण्याला म्या तिचं नाव काढलं तर ‘व्हय, लई चांगली व्हती’ असं कोण म्हणंल?” तेव्हा कुठे मला उमगलं, की मिक्सरचा प्रश्न मिक्सरचा नव्हताच. काका बाळापुरात राहणार का नाही, हे त्या जळक्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

पुढच्या रविवारी मीच त्यांना ओढून हिंगोलीला नेलं. पहिलीच गाडी पकडायला लावली. मिक्सर टॉवेलासकट मांडीवर. शेजारच्या म्हातारीनं “लेकरू लहान दिसतंय,” म्हणून विचारलं, तर काकांनी टॉवेल सारून दाखवला. ती बिचारी खिडकीकडे सरकून बसली. मोटरी भरून, म्हणजे आतली जळकी तार नव्यानं गुंडाळून देणारे चाचा बाजाराच्या मागच्या गल्लीत बसायचे. त्यांनी बूड उघडलं, वास घेतला, आणि म्हणाले, “वाइंडिंग जल गया. भरून देतो, बराबर चालेल. हौर ये खटका भी डाल देतूँ, पाच मिनिटाचं काम.” मी सुटकेचा श्वास सोडला. सुटला प्रश्न! मोटर नवी, खटका नवा, माणूस एकटा असला तरी अडायचं नाही. काका म्हणाले, “मोटर भरा. खटका ऱ्हाऊ द्या.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. हे वाक्य कुठून आलं, मला कळेना. “काहून?” चाचांनी विचारलं. “काका, डोकं ठिकाणावर आहे ना?” मी तर भर गल्लीत आवाज चढवला. “पुन्हा सगळा मिक्सर जाळायचाय का? पुन्हा मधोमध उभं राहायचंय?” काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, नेहमीसारखंच. पण मान डोलावली नाही. “एकट्यानं चालणारं मशीन घरात आलं, बाई, तर मी एकटाच चटणी करीन, अन् एकटाच खाईन. मंग इथं ऱ्हाऊन तरी काय करायचं? मंग पुणं काय वाईट हाय? खटका न्हाई म्हणल्यावर कोणाला तरी हाक मारावी लागंल. मला तेवढीच अक्कल हाय, पण ही माझी हाय.” चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला, आणि मला म्हणाले, “मॅडम, साहब बराबर बोल रहे.” मग मीच मान डोलावली. माझी ती सवय नाही.

गल्लीनं काकांना वेड्यात काढलं. खटका बसवत नाही म्हणजे काय! पण काका हलले नाहीत. दर रविवारी कोणाला तरी हाक जायची, “बटनापाशी या हो जरा.” कधी मी, कधी समोरच्या वहिनी, एकदा तर तो न्हावीच. काका आता झाकणावर. पहिली चटणी भरड झाली, दुसरी पार लगदा. जो बटनापाशी उभा राहील त्यानं जेवूनच जायचं, हा नियम. काही दिवसांनी लोक न बोलावताही रविवारी काकांच्या दारावरून जाऊ लागले. मे महिन्यात मुलगा आला, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. काकांनी त्याला पाणी दिलं आणि सरळ बोर्डापाशी उभं केलं. मी दारात होते. मिक्सरच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं. “बाबा, मग ठरलं का तुमचं? उद्या निघायचं का?” काका झाकणावर वाकलेले, कान भांड्याला. वर न बघता म्हणाले, “ठरलंय. मी जात न्हाई. तू मी सांगेस्तोवर बटन बंद करू नको.” मुलाचा हात बटनावरच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आलेले मला दिसले. मिरचीनं असेल म्हणावं तर चटणीत मिरची फार नव्हती. त्या दुपारी त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला गेला. एका बॅगेत चटणीचे डबे होते, दुसरी रिकामीच.

पुढं दोन वर्षांनी माझी परभणीकडे बदली झाली. निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा, आणि मी काकांना नमस्कार करायला गेले. वाटलं, आता हा माणूस ‘ऱ्हा’ही म्हणणार नाही अन् ‘जा’ही म्हणणार नाही. काकांनी मिशीवरून हात फिरवला. “बाई, दर महिन्याच्या पयल्या रविवारी यायचं. जमलं तर या असं म्हणत न्हाई मी. या.” मला खूप रडू आलं. आणि मी, अख्ख्या वर्गाला ‘हो का नाही ते एकदाच स्पष्ट सांगा’ म्हणून दरडावणारी बाई, टेम्पोत चढता चढता म्हणाले, “बघते काका. कसं जमतंय ते.”