सहीत अडकलेले साहेब

सही करण्याआधी साहेब पेनचं टोपण काढून दातांत धरायचे, समोरच्या कागदाकडे बराच वेळ बघायचे, मग टोपण परत लावून म्हणायचे, "आजून एकदा बगू." आम्ही पुन्हा तपासणीसाठी काचेच्या नळ्या धुवायला घ्यायचो.

आमच्या पिंपरीच्या औषध कंपनीतले हे मुख्य तपासनीस मूळचे वेल्समधले, म्हणजे इंग्लंडच्या शेजारच्या छोट्या देशातले. कुणी इंग्रज म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मराठी ते प्रयोगशाळेतल्या ज्ञानोबांकडून शिकले. ज्ञानोबा जवळच्या कुरुळी गावचे, त्यामुळे साहेबांची मराठीही कुरुळीची. "आमी इंग्रज न्हाई," असं ते गंभीरपणे सांगायचे आणि पुण्याहून आलेले अधिकारी हसू दाबत चहात बघायचे.

साहेब आले होते दोन वर्षांसाठी. मी नोकरीला लागलो तेव्हा सात वर्षं उलटली होती. औषधाची कुठलीही खेप सरकारमान्य तपासनिसाच्या सहीशिवाय गेटबाहेर जात नसे, आणि सबंध कंपनीत अशी सही एकट्या साहेबांची. मालक गोड बोलून सांगायचे, तुमच्या जागी माणूस तयार करा आणि खुशाल जा. साहेबांनी एकामागून एक पाच जण तयार केले. पण साहेबांच्या हाताखालचा माणूस म्हटलं की दुसऱ्या कंपन्या त्याला लगेच उचलायच्या, आणि औषधं अडू नयेत म्हणून साहेब पुन्हा थांबायचे. तुम्ही कंपनीत नोकरी केली असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, ज्याच्यावाचून अडतं त्याला साधी रजाही मिळत नाही.

तिकडे गावी त्यांचे वडील एकटे होते. सगळा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, छातीत धूळ बसलेली. त्यांचं पत्र आलं की साहेब ते कॅन्टीनमागच्या लिंबाखाली उभ्यानेच वाचायचे. त्या दिवशी आम्ही त्यांच्या वाटेला जायचो नाही.

मी सहावा. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. साहेबांनी तीन वर्षं माझ्यावर मेहनत घेतली आणि अखेर माझ्या नावाचे कागद सहीच्या सरकारी मंजुरीला मुंबईला गेले. साहेबांनी तिकिटाची चौकशी केली, वडिलांना येतोय म्हणून कळवलं, आपली सायकल ज्ञानोबांना देऊन टाकली. इतके खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

नेमकं तेव्हाच मला ठाण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. दुप्पट पगार आणि राहायला क्वार्टर. आम्ही एका खोलीत नऊ जण राहायचो. लगेच हजर व्हायचं होतं आणि साहेबांची शिफारस हवी होती.

बघा, साहेबांना सुटायची केवढी सोय होती. हा अजून कच्चा आहे, एवढं लिहिलं असतं तरी माझी ठाण्याची नोकरी हुकली असती, मी इथेच राहिलो असतो आणि ते मोकळे झाले असते. मीच मान खाली घालून म्हणालो, "सर, तुम्ही 'नाही' असंच लिहा. मी थांबतो." मनातून मात्र त्यांनी हो लिहावं असंच वाटत होतं, हे आज कबूल करतो.

"तुमी तयार हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

"मग खोटं कसं लिवू?"

त्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि वर मला चहा पाजला.

मी ठाण्याला गेलो. त्याच हिवाळ्यात साहेबांचे वडील वारले. ज्ञानोबांनी नंतर सांगितलं, तार आली त्या दिवशीही साहेबांनी सगळ्या खेपा तपासल्या, सह्या केल्या, आणि मग हात धुऊन तिथेच स्टुलावर बसून राहिले. दिलेली सायकल त्यांनी परत मागितली नाही, कंपनीत चालत येऊ लागले. मी सांत्वनाचं पत्र अनेकदा लिहायला घेतलं आणि लाजेपोटी टाकलं नाही.

पुढे त्यांनी जाण्याचा विषयच काढला नाही. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, नोकरीत असतानाच, हृदय बंद पडून ते गेले. कंपनीला सहीसाठी तातडीने माणूस हवा होता. मालकांनी मलाच बोलावलं आणि मीही आलो. पुन्हा माझ्या नावाचे कागद मुंबईला गेले.

मंजुरी तीन आठवड्यांत आली. त्या वेळी ठाण्याला जाण्याआधी मी तेवढे तीन आठवडे थांबलो असतो, तर साहेब आपल्या वडिलांपर्यंत पोचले असते.